हात जड कुणाचा, बाईचा की कारखान्याचा?

सुरंगी

मी वेंगुर्ले तालुक्यातल्या एका काजू कारखान्यात सोलणी आणि ग्रेडिंगचा विभाग बघते. या धंद्यात अकरा वर्षं झाली. पहिली चार दुसऱ्या एका कारखान्यात गेली, त्याचं नाव इथे घेत नाही. एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात आहे. या मंचावर नाना तऱ्हेची कामं करणारी माणसं आहेत, म्हणून मांडते.

त्या जुन्या कारखान्यात एक काकी होत्या. पन्नाशीच्या, बोलणं अगदी कमी. मुकादमाच्या वहीत त्यांच्या नावापुढे कायमचा शेरा: 'हात जड'. ज्यांनी काजूचं काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. बी वाफेवर उकडायची, थंड झाली की हात-पायाच्या मशीनवर फोडायची, आतला गर ड्रायरमध्ये सुकवायचा आणि मग त्याच्यावरची तांबूस साल सोलायची. सोलताना गर अख्खा राहिला तर भाव. दुभंगला की पाकळी, आणखी फुटला की तुकडा, शेवटी कणी. अख्ख्या गरातही १८०, २१०, २४०, ३२० असे ग्रेड. एका पौंडात साधारण किती गर बसतात तो हा आकडा, म्हणजे आकडा जितका लहान तितका गर मोठा. सगळा नफा अख्ख्या गरात असतो, त्यामुळे सोलणाऱ्या बाईच्या बोटांवर कारखाना चालतो म्हटलं तरी चालेल.

काकींच्या टोपलीत पाकळी जास्त यायची. संध्याकाळी काट्यावर मुकादम त्यांची टोपली सगळ्यांच्या देखत ताडपत्रीवर पालथी करायचा, बोटाने फुटके गर बाजूला सारायचा आणि पैसे कापायचा. काकी मान खाली घालून उभ्या. मी नवीन होते. मलाही वाटायचं, एखादीचा हातच तसा असतो, त्याला कोण काय करणार.

पुढे मी या कारखान्यात आले. दोन वर्षांनी काकीही आल्या. पहिल्याच आठवड्यात एका सकाळी त्या माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या, तळहातावर चार गर.

"गे बाय, आजचो घाणो जास्त सुकलो हा. बोट लावलां की फुटता."

मी एक गर उचलला, अंगठ्याने साल ढकलली. गर उभा चिरला, टक् असा बारीक आवाज झाला. ड्रायरवर जाऊन बघितलं तर खालच्या ट्रेंचा माल जास्त तापलेला. तो घाणा, म्हणजे ड्रायरमधून एका वेळी निघालेला माल, तसाच काही वेळ हवेवर ठेवला, गराने जराशी ओल धरली, मग सोलायला दिला. गर पार कोरडा असला की ठिसूळ होतो. पावसाळ्यात उलट, जास्त वेळ उघडा राहिला तर ओल धरून साल पुन्हा चिकटते. मधली वेळ साधावी लागते, आणि ती बोटांना आधी कळते.

मी विचारलं, "काकी, तिथे कधी सांगितलं नाहीत?"

"थंय कोणाक सांगूचां? ड्रायरवर मालकाचो भाचो."

तीन महिन्यांत काकींची पाकळी आमच्या विभागाच्या सरासरीपेक्षा कमी झाली. बोटं तीच, वय उलट वाढलेलं. मग 'हात जड' हा शेरा नक्की कुणाचा होता?

थोडं वाचलं. कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने १९३६ मध्येच मांडलं होतं की माणसाचं वागणं हे माणूस आणि त्याच्या भोवतालची परिस्थिती, दोन्ही मिळून ठरतं. एकट्या माणसाकडे बघून ते कळत नाही. पण दुसऱ्या बाजूलाही भक्कम काम आहे. मरे बॅरिक आणि मायकल माउंट यांनी १९९१ मध्ये ११७ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून दाखवलं की स्वभावाच्या पाच मोठ्या पैलूंपैकी एक, म्हणजे कामाची निष्ठा, नेटकेपणा, हातातलं पुरं करण्याची सवय, हा जवळजवळ प्रत्येक प्रकारच्या कामात उपयोगी पडतो. बोलका स्वभाव तेवढा सगळीकडे नाही, तो विक्रीच्या आणि माणसं सांभाळायच्या कामात जास्त दिसतो.

हेही मला पटतं. माझ्याकडे अशा बायका आहेत ज्या कुणी बघत असो वा नसो, टोपली तशीच नीट लावतात. तर मंडळी, तुमच्या कामात काय दिसतं? माणूस आधी की जागा आधी?

तिवर

सुरंगीताई, लिहिलंय मनापासून, पण सगळं पटलं नाही. आमच्या घरात तीन पिढ्या मासेमारी, नौका रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराला लागते. एकाच नौकेवर एकाच तांडेलाच्या (नौकेवरच्या प्रमुखाच्या) हाताखालचे दोन खलाशी घ्या. एक जण मासळी निवडून बर्फात घातली की लगेच जाळ्याचा फाटका भाग शोधतो आणि सुई घेऊन बसतो. दुसरा हाक मारेपर्यंत हलत नाही. नौका तीच, दर्या तोच, जेवणही एकाच टोपातलं. हा स्वभाव नाही तर काय? माझे बाबा सांगायचे, माणूस बंदरावरच पारखून घ्यावा, खोल पाण्यात गेल्यावर उशीर झालेला असतो. काकींचा हात मुळात चांगलाच होता, तुमच्याकडे तो दिसला इतकंच. ज्याचा हात मुळात चांगला नाही त्याला कुठलीही जागा सुधारू शकणार नाही.

अबोली

माझा एकच मुद्दा. 'कोकणी माणूस आळशी' हे वाक्य मी शाळेपासून ऐकत आले, ऐकवणारे बरेचदा कोकणीच असतात. मग मुंबईच्या कापड गिरण्या कुणी चालवल्या? त्या कामगारांत रत्नागिरी जिल्ह्याच्या माणसांचा वाटा फार मोठा होता (सिंधुदुर्ग तेव्हा त्यातच होता, १९८१ मध्ये वेगळा झाला). माझे आजोबा वीस वर्षं रात्रपाळीला गेले. गावी आले की हेच आजोबा पडवीत बसून राहायचे आणि लोक त्यांना सुस्त म्हणायचे. स्वभाव काय रेल्वेच्या डब्यात बदलत होता?

खाडीपलीकडे

अबोली, तुझ्या आजोबांबद्दल आदर आहे, पण या उदाहरणात एक अडचण आहे. गिरणीत जे गेले ते निवडून गेलेले होते. घर सोडून, चाळीत एका खोलीत दहा-बारा जणांत राहून काम करायची ज्यांची तयारी होती तेच गेले आणि टिकले. ज्यांना जमलं नाही ते परत आले, त्यांची गणती आपण करत नाही. बेंजामिन श्नायडर यांनी १९८७ मध्ये हेच मांडलं: संस्था आपल्यासारखी माणसं ओढते, आपल्यासारखी निवडते आणि ज्यांचं जुळत नाही ती सोडून जातात. काही वर्षांनी आत एकाच ठशाची माणसं उरतात, आणि आपण म्हणतो 'आमची संस्कृतीच अशी'. संस्कृती माणसं घडवते हे अर्धं झालं. ती माणसं गाळतेही.

बाकी पडवीत बसलेल्या माणसाला आळशी म्हणण्याबद्दल तुझ्याशी पूर्ण सहमत. आपल्याकडचं काम हंगामाचं. आंब्याचा मोहर, फवारणी, राखण, काढणी, पेट्या भरणं या महिन्यांत बागायतदार झोपतो कधी हेच कळत नाही. लावणीतही तसंच. उरलेल्या दिवसांत कुणी गावात येऊन चहा पिताना बघितलं की शिक्का मारून मोकळा.

घाटाखाली

मी लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत मनुष्यबळ विभागात काम करतो. सुरंगीताईंचा धागा वाचून तीन वर्षांपूर्वीची गोष्ट आठवली. ती माझीच चूक आहे, त्यामुळे लिहितो.

आमच्याकडे एक ऑपरेटर होता. अबोल. पाळी बदलताना तो व्हॉल्व्ह दोनदा तपासायचा, वहीत शेवटची ओळ भरल्याशिवाय कपडे बदलायला जायचा नाही. वार्षिक मूल्यमापनाच्या बैठकीत तो गप्प बसायचा. फॉर्मवर 'पुढाकार' असा रकाना होता. मी त्यात दोन वर्षं पाचपैकी दोन दिले. त्याच वेळी बैठकीत छान बोलणाऱ्या एकाला चार दिले. पहिल्याने नोकरी सोडली. त्याच्या जागी आलेल्या माणसाच्या पाळीतल्या वह्या अर्धवट भरलेल्या यायला लागल्या, तेव्हा मला कळलं की मी कामाला गुण देत नव्हतो, बैठकीत दिसणाऱ्या स्वभावाला देत होतो. फॉर्म बदलून घेतला, पण तो माणूस परत आला नाही. याची मला आजही खंत आहे.

तिवरभाऊ, सुरंगीताईंनी सांगितलेल्या बॅरिक-माउंट यांच्या अभ्यासाबद्दल थोडं. निष्ठा आणि कामगिरी यांचा सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण जुळणी) त्यांना ०.२ च्या आसपास मिळाला. संबंध खरा आहे, सगळीकडे सापडतो, पण माणसामाणसांच्या कामगिरीत जो फरक दिसतो त्याचा विसावा हिस्सा वगैरेच त्यातून उलगडतो. उरलेल्यात कौशल्य आहे, शिकवणूक आहे, यंत्र आहे, साहेब आहे, घरची अडचण आहे. म्हणून निवडीच्या वेळी माणूस पारखावा हे बरोबर, पण पारखलं म्हणजे आपलं काम संपलं असं नाही.

आणि एक विनंती. माणसांचे सोळा प्रकार पाडणाऱ्या चाचण्या घेऊन कुणाला नोकरी देऊ किंवा नाकारू नका. काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली की बऱ्याच जणांचा प्रकार बदलतो. ज्या मापट्याने दर महिन्याला वेगळं माप येतं त्याने आपण तांदूळ तरी घेऊ का?

रात्रपाळी

मी परिचारिका आहे, जिल्ह्याच्या गावी. सुरंगीताईंच्या काकींनी हातावर चार गर आणून दाखवले ते वाचून माझ्या अंगावर काटा आला, कारण आमच्याकडे गर नसतात, इंजेक्शन असतात.

एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषध देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. ज्या वॉर्डांत टीम चांगली, तिथे चुका कमी सापडतील असा अंदाज होता. आकडे उलटे आले. चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त. नीट शोध घेतल्यावर लक्षात आलं की तिथे चुका बोलून दाखवल्या जात होत्या, आणि बाकीच्या ठिकाणी दडवल्या जात होत्या. पुढे १९९९ मध्ये त्यांनी याला 'मानसिक सुरक्षितता' म्हटलं: या माणसांसमोर मी चूक कबूल केली, अडाणी प्रश्न विचारला तरी मला कुणी खाली बघायला लावणार नाही, ही टीममधल्या सगळ्यांची खात्री.

मी दोन्ही प्रकारचे वॉर्ड बघितलेत. पहिल्या ठिकाणी सिस्टर इन-चार्ज राउंडला सगळ्यांसमोर, पेशंटच्या नातेवाइकांसमोरही, बोलायच्या. तिथे माझ्याकडून एकदा सलाईनचा वेग चुकला. दहा मिनिटांत लक्षात आलं, पेशंटला काही झालं नाही, मी वेग बदलला आणि कुणालाही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, कारण त्या बाटलीवरची पट्टी चुकीची लागली होती आणि तशीच पट्टी शेजारच्या कॉटवरही असू शकत होती. हे मला माहीत होतं. तरी गप्प बसले. मी खोटारडी बाई नाही. आता ज्या वॉर्डमध्ये आहे तिथे मी गेल्या महिन्यात स्वतःची चूक स्वतः वहीत लिहिली, आणि इन-चार्ज मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "पट्ट्या कोण लावतं, उजेड पुरतो का?"

लाल_कंदील

रात्रपाळीबाईंनी लिहिलेलं दोनदा वाचलं. मी रेल्वेतून निवृत्त झालो. कोकणातल्या पावसात रुळांवर रात्रभर गस्त असते हे सगळ्यांना ठाऊक असेल. २००३ साली वैभववाडीजवळ आणि २००४ साली करंजाडीजवळ दरड आणि दगडांमुळे गाड्या घसरल्या, किती माणसं गेली. त्यानंतर पावसाळ्यातले गाड्यांचे वेग आणि गस्त याकडे जास्त कडकपणे बघितलं जाऊ लागलं.

गस्तवाल्याकडे दिवा, झेंडे आणि रुळावर लावायचे इशाऱ्याचे फटाके असतात. गाडी थांबवायचा अधिकार त्याला असतो, कागदावर. रात्री दोन वाजता, धो धो पावसात, एकटा माणूस गाडी थांबवतो का नाही, हे गेल्या वेळी ज्याने थांबवली त्याचं दुसऱ्या दिवशी काय झालं त्यावर ठरतं.

आमच्याकडे एका पोराने थांबवली होती. रुळासाठी डोंगर कापलेल्या कटिंगच्या उतारावरून येणारं पाणी एकाएकी गढूळ झालेलं त्याला दिसलं. स्वच्छ पाणी गढूळ होणं म्हणजे वर कुठेतरी माती सुटत असल्याची खूण. तपासणी झाली, काहीच निघालं नाही, गाडीला उशीर मात्र झाला. पोराचा चेहरा पडलेला. सकाळी आमच्या साहेबांनी सगळ्या गँगला चहाला बोलावलं आणि त्यालाच सांगायला लावलं, पाणी कसं दिसलं, कुठून येत होतं, किती वेळ. शेवटी म्हणाले, "असं पाणी दिसलं की पुन्हा थांबव." बस, एवढंच. त्या पावसाळ्यात आमच्या वह्यांत बारीकसारीक नोंदी इतक्या वाढल्या की विचारू नका. झाड झुकलंय, गटार तुंबलंय, जाळीत दगड अडकलाय. माणसं तीच होती.

तो पोरगा स्वभावाने भित्रा म्हणून प्रसिद्ध होता, हेही सांगतो. गस्तीला मला तसाच भित्रा माणूस हवा. धाडसी माणूस म्हणतो, जाईल गाडी.

खाडीपलीकडे

लालकंदीलकाका, शेवटची ओळ फार मोलाची. एकच स्वभाव विक्रीच्या टेबलावर दोष ठरतो आणि रुळावर गुण.

तिवर

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण विचार करत होतो. माझ्या पहिल्या प्रतिसादातली एक गोष्ट मी स्वतःच विसरलो होतो, ती लिहिली पाहिजे.

पूर्वी आमच्या नौकेवर वाट्याची पद्धत होती. फेरी संपली की डिझेल, बर्फ, रेशनचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्याचे वाटे पडायचे. मालकाचा, नौका-जाळ्याचा, तांडेलाचा, खलाशांचा. मग बाहेरगावचे, बरेचसे नेपाळचे खलाशी येऊ लागले, त्यांना घरी ठरलेली रक्कम पाठवायची असते, म्हणून आम्ही पगार सुरू केला. त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच होतं, मासळी नाही मिळाली तर त्यांनी खायचं काय?

मी ज्या दोन खलाशांचं लिहिलं ते दोघेही आमच्याच वाडीतले, दोन्ही पद्धतींत काम केलेले. जो आपणहून जाळं शिवतो तो पगारावरही शिवत राहिला. त्याच्यात काही फरक पडला नाही. पण वाट्याच्या काळात तो दुसराही शिवायचा. बाबांना विचारून खात्री केली. तेव्हा फाटक्या जाळ्यातून निसटलेली मासळी त्याच्याही वाट्यातून जात होती. मी त्याला गेली सहा वर्षं आळशी म्हणतोय. त्याच्यासमोरही म्हटलंय.

१ जूनला पावसाळी मासेमारीबंदी लागेल, ३१ जुलैपर्यंत नौका किनाऱ्यावर. त्या काळात बसून बोलणार आहे सगळ्यांशी, पगारावर थोडा तरी वाटा ठेवता येईल का ते.

सुरंगी

तिवरभाऊ, तुम्ही परत येऊन हे लिहिलंत, त्याबद्दल आभार कसे मानू. माझ्या प्रश्नाचं सगळ्यात जवळचं उत्तर तुमच्या दोन खलाशांत आहे. काही थोडी माणसं कुठल्याही जागेत आपलं काम नीटच करतात. वाईट जागेचा सगळ्यात मोठा फटका बाकीच्या आपल्यासारख्यांना बसतो, ज्यांचं काम जागेप्रमाणे वर-खाली होतं. आणि आपण पहिल्या प्रकारची माणसं दाखवून दुसऱ्यांना नावं ठेवतो.

घाटाखाली यांनी विचारलं नाही, पण आमच्याकडे काय बदललं ते सांगते. काटा आता आतल्या खोलीत आहे. टोपली एकेकीची, दार लावून बघतो. ड्रायरजवळ एक फळा आहे, त्यावर घाणा कसा आला हे सोलणाऱ्या बायका लिहितात, 'कोरडो', 'बरो', 'ओलो' एवढंच. सुरुवातीला ड्रायरवाल्या दादांना फार राग आला होता. आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग एकदा फळ्यावरून त्यांनाच कळलं की ठरावीक ट्रेचाच माल कोरडा येतोय, पंखा बिघडलेला निघाला. आता फळा पुसला गेला तर तेच खडू शोधतात.

सगळं जमलं असंही नाही. एक मुलगी सोलणीला अजिबात टिकत नव्हती, सारखं इकडेतिकडे लक्ष. तिला ग्रेडिंगला बसवलं तर तिची नजर अशी की २१० च्या ढिगातला २४० चा गर ती बोलता बोलता उचलते. दुसऱ्या एकीसाठी सगळे उपाय केले, जागा बदलली, सोबतीण बदलली, तरी ती माल घरी न्यायची. तिला काढावं लागलं. तिथे मी जागेला दोष देणार नाही.

हा धागा काकींबद्दल आहे, म्हणून काल दुपारच्या सुट्टीत त्यांना तो पूर्ण वाचून दाखवला. तुमचे प्रतिसादही. गढूळ पाण्याच्या गोष्टीला त्यांनी मान डोलावली. संपल्यावर थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या,

"बरां लिवलंस गे बाय. पण थंय माका बसाक पाट नाय होतो, तां खंय लिवलंस?"

मला माहीतच नव्हतं. मी तेव्हा कटिंगच्या, म्हणजे बी फोडायच्या, बाजूला होते, तिथे स्टुलं असतात. सोलणीवाल्या फरशीवर बसायच्या. काकींचा उजवा गुडघा दुमडत नाही, त्या दिवसभर एका कुशीवर रेलून, डावा हात जमिनीला टेकून सोलायच्या. म्हणजे एका हाताने. इतकी वर्षं मी त्यांना ओळखते आणि हे कधी विचारलं नाही.

आज सकाळी आमच्याकडचे पाट मोजले. सोलणीला सतराजणी आहेत, पाट चौदा.